जुन्या गाडीचे रबरी ब्रेक पाइप: तपासायचे कसे, बदलायचे कसे

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना माझ्या २००३ च्या मारुती ८०० च्या पुढच्या डाव्या चाकातून जळका वास यायला लागला. घाटात ब्रेक तापतातच, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पण घाट संपला, सपाट रस्ता लागला, तरी गाडी कुणी मागून धरून ठेवल्यासारखी चालत होती. घरी आल्यावर डाव्या डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकले, तर तापल्या तव्यावर पडल्यासारखे चरचरले. उजवी डिस्क नुसती कोमट.

गॅरेजमध्ये आधी ब्रेक पॅड बदलले. आठ दिवसांनी तेच. मग कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, किट टाकली. पुन्हा आठ दिवसांनी तेच. तिसऱ्यांदा मी गाडी नेलीच नाही. भाच्याला हाताशी घेतलं आणि अंगणातच चाक खोललं. दोष निघाला कॅलिपरपर्यंत जाणाऱ्या वीतभर रबरी पाइपात, ज्याची किंमत काही शे रुपयेच. काढलेला पाइप ब्लेडने उभा चिरला, तर आतलं रबर इतकं फुगलेलं की भोकातून केरसुणीची काडी जाईना. बाहेरून मात्र पाइप काळाभोर, धडधाकट. दोन मिस्त्रींनी तो पाहिला होता आणि दोघांनीही ‘पाइप चांगला आहे’ म्हटलं होतं.

पुढचं सगळं ‘बाहेरून चांगला’ या शब्दांवर विश्वास न ठेवण्याबद्दल आहे.

हा पाइप करतो काय

पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो तो मास्टर सिलिंडर. तिथपासून चाकांकडे ब्रेक ऑइल लोखंडी नळ्यांमधून जातं. पण चाक वर-खाली होतं, पुढचं तर वळतंही. तिथे लोखंडी नळी टिकणार नाही, म्हणून शेवटचा तुकडा रबरी असतो. पुढे दोन्ही चाकांना एकेक, मागे गाडीगणिक एक किंवा दोन. त्यात आत एक रबरी नळी, तिच्यावर विणलेल्या धाग्यांचं आवरण आणि वरून पुन्हा रबर असतं. दाब सहन करतो तो धागा. टायरमध्ये आपण ३० पाउंड हवा भरतो. जोरात ब्रेक दाबला की या पाइपात हजार पाउंडांच्या वर दाब जातो.

आतलं रबर फुगलं की गंमत होते. पेडल दाबताना पायाचा जोर असतो, ऑइल बारीक भोकातूनही रेटून पुढे जातं. पाय काढल्यावर मागे यायला मात्र तेवढा जोर नसतो, कॅलिपरमधलं रबरी सील पिस्टनला किंचित मागे खेचतं, तेवढाच. ऑइल अडकून राहतं, पॅड डिस्कला घासत राहतात आणि गाडी त्या बाजूला ओढते. उलटंही होतं. ब्रेक दाबल्याबरोबर त्या चाकाला ऑइल उशिरा पोचतं, म्हणून आधी गाडी दुसऱ्या बाजूला ओढते आणि पाय काढल्यावर या बाजूला. ब्रेक मारताना एकीकडे आणि सोडल्यावर दुसरीकडे असं झालं, तर पहिला संशय पाइपावर घ्यायचा.

८०० चं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं, अँबेसेडरचंही त्याच वर्षी. म्हणजे यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता दहा वर्षांपुढची आहे. कंपनीतून आलेले पाइप अजून तेच असतील, तर ते म्हातारे झाले आहेत हे धरूनच चाला.

त्यात आपलं हवामान. मे महिन्यात नागपूरचा पारा ४७ च्या पुढे गेलेला आपण पाहिला आहे, आणि टिनाच्या शेडखाली उभ्या गाडीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरची काळी माती चाकाच्या आत थापली जाते, वाळून दगड होते आणि स्टिअरिंग वळवलं की पाइपाला ताणते. सोयाबीन निघाल्यावर वावरातले उंदीर घराकडे येतात, आणि गाडी कुटाराच्या गंजीजवळ उभी असली तर रबर त्यांना चालतंच. आणखी एक आपलीच करणी: पावसाळ्याआधी गाडीखाली जळक्या ऑइलचा किंवा डिझेलचा फवारा. पत्र्याला तो बरा असेल, पण हे रबर खनिज तेल सहन करत नाही, फुगतं. फवारा मारायचाच असेल तर पाइपांना आधी पॉलिथिन गुंडाळा.

तपासणी

याला अर्धा तास लागतो आणि पाना चालवता न येणाऱ्यालाही ती जमते. चाक काढलं तर उत्तम. जॅक काळ्या मातीवर लावू नका. कोरडी, टणक दिसणारी मातीसुद्धा जॅकखाली दबते. खाली फरशी किंवा जाड फळी टाका, टेकणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, आणि गाडी उचलली की घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. विटांची थप्पी म्हणजे घोडी नव्हे, वीट भाराखाली एकदम फुटते.

पाइप पाणी, साबण आणि ब्रशने स्वच्छ धुवा. पेट्रोल-डिझेल नको. वाळला की टॉर्च घेऊन जवळून पाहा. सरळ पाइपात भेगा दिसत नाहीत, म्हणून बोटांनी हलका वाकवून वाकाच्या बाहेरच्या बाजूने बघा. दोन्ही टोकांना जिथे रबर लोखंडी टोपीत दाबलेलं असतं, तिथे जास्त वेळ द्या. बहुतेक पाइप तिथूनच जातात. वरवरच्या केसासारख्या रेषा म्हणजे बदलायची वेळ जवळ आली. भेगेतून आतला धागा दिसला तर गाडी तिथेच उभी करायची, बाजार करून येतो मग बघू, असं नाही.

ओल दिसली तर बोट लावून बघा. ब्रेक ऑइल हाताला निसरडं लागतं, पाण्यासारखं वाळून जात नाही. बघून झालं की हात धुवा. टायर किंवा शॉकॲब्सॉर्बर घासून पाइपावर चकाकता पट्टा पडला आहे का, तेही पाहा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, दोन्हीकडे पाइप ताणला जाऊ नये आणि कुठे लागू नये.

मग कुणाला तरी पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि पाइपावर बोटं ठेवा. चांगला पाइप बोटांना फुगल्यासारखा लागत नाही. एखाद्या ठिकाणी फुगा येत असेल तर आतला धागा तुटलेला आहे. पेडल स्पंजसारखं लागत असेल आणि हवा काढूनही तसंच राहत असेल, तर असाच फुगणारा पाइप कारण असू शकतो.

आतून बंद आहे का, ते ओळखायची युक्ती

माझं काम याच युक्तीने झालं. चाक उचला, हाताने फिरवून बघा. ब्रेक दोनतीनदा जोरात दाबून सोडा, पुन्हा फिरवा. जाम असेल तर इंजिन बंद ठेवून पुढची तपासणी करा.

आधी लोखंडी नळी आणि रबरी पाइप जिथे जोडले आहेत तो नट अर्धा फेरा सैल करा. खाली फडकं धरा, डोळ्याला चष्मा हवाच. इथे दाब सुटून चाक मोकळं झालं, तर दाब वरूनच अडकला आहे. दोष मास्टर सिलिंडरकडे शोधा. चाक जामच राहिलं तर नट कसा आणि कॅलिपरवरचं हवा काढायचं निप्पल पाव फेरा उघडा. आता पिचकारी सुटून चाक मोकळं झालं, तर ऑइल मधल्या रबरी पाइपात अडलं होतं. आणि निप्पल उघडूनही चाक सुटलं नाही, तर दोष ऑइलचा नाहीच. पिस्टन गंजला आहे किंवा कॅलिपरच्या पिना अडकल्या आहेत.

निप्पल उघडल्यावर भाच्याने चाकाला नुसता हात लावला आणि ते फरफर फिरलं. इतके दिवस आणि दोन बिलं ज्यात गेली, ते पाच मिनिटांत समजलं.

खरेदी

पाइप जोडीने बदलायचे, पुढचे दोन्ही. एक नवा आणि एक जुना ठेवला तर ब्रेक एका बाजूला आधी धरू शकतो, शिवाय दुसरा पाइप त्याच वयाचा असतो. दुकानात जुना पाइप सोबत न्या. लांबी, टोकं, आट्यांची जाडी आणि कंसात (पाइप धरणाऱ्या पट्टीत) बसायची खाच ताडून पाहा. इंची आट्यांचा घोटाळा इथेच होतो. अँबेसेडर किंवा जुन्या जीपसारख्या गाड्यांत ३/८ इंचाचे आटे निघू शकतात, नव्या पाइपांवर १० मिमीचे असतात. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, दोनतीन फेरे जातातही, आणि मग आटे मरतात. बोटांनी सहज जात नसेल तर तो पाइप आपला नाही.

पाइपावर आयएस ७०७९ चा उल्लेख किंवा गाडीच्या कंपनीचा शिक्का आणि बनवल्याचा महिना-वर्ष बघा. दुकानात पाच वर्षं उन्हात टांगलेला पाइप नवा नसतो.

सोबत घ्या: तांब्याचे नवे वायसर, पारदर्शक बारीक नळी आणि ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली. ऑइलचा प्रकार डॉट ३ की डॉट ४ ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. आणि इंजिन ऑइल, ‘थोडंच टाकलं’ म्हणून का होईना, या टाकीत कधीही जाता कामा नये. त्याने मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतची सगळी रबरं फुगतात आणि खर्च पाइपाच्या कितीतरी पट होतो.

पान्यांत पैसे घालायचे तर १० मिमीचा फ्लेअर नट पाना घ्या. साधा फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, हा जवळजवळ पूर्ण नट कवटाळतो. जुना मऊ नट साध्या पान्याने गोल झाला की काम संपलं, मग ग्रिप पकड आणि शिव्या.

जुना पाइप काढणं

आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी तारेच्या ब्रशने सांधे घासा आणि फडक्याने पुसा. सांधा उघडल्यावर मातीचा कणही आत जाता कामा नये. नट गरम करायला गॅसची ज्योत वापरू नका, ब्रेक ऑइल पेट घेतं.

उघडल्यावर ऑइल ठिबकत राहतं. ते थांबवायला पेडल थोडंसं, दीड-दोन इंच दाबून सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकवा. मास्टर सिलिंडरमध्ये टाकीचं भोक बंद होतं आणि ठिबकणं बरंच थांबतं. ब्रेकलाइट पेटत राहील, म्हणून बॅटरीची एक वायर काढून ठेवा. रबरी पाइप पकडीने चिमटून ऑइल थांबवायची सवय सोडा. जुना तर फेकायचाच आहे, पण तीच सवय नव्यालाही लागते आणि आतलं रबर तिथे फाटतं.

पहिला नट लोखंडी नळीकडचा. पाइपाचं षटकोनी टोक एका पान्याने धरा, दुसऱ्याने नट फिरवा. नजर नटावर नको, नळीवर ठेवा. नटासोबत नळीही पिळत असेल तर थांबा. पिळलेली नळी तुटली तर मास्टर सिलिंडरपर्यंत नवी टाकावी लागते. मी तिथेच अडकलो होतो. उपाय असा: नट पान्याने घट्ट धरून ठेवायचा, पाइप कंसात धरून ठेवणारी यू क्लिप चिमटीने ओढून काढायची, रबर मधून कापून टाकायचं आणि नटाऐवजी पाइपाचं टोकच फिरवून काढायचं. पाइप टाकाऊच आहे, फिरू द्या त्याला.

खालचं टोक दोन प्रकारचं असतं. बँजो बोल्ट (ज्यातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) असेल तर तो खोलून दोन्ही तांब्याचे वायसर काढा. जुना वायसर कॅलिपरला चिकटून राहतो, तो तिथेच राहून गेला तर नवा कितीही कसला तरी गळतं. पाइप थेट आट्यांनी कॅलिपरमध्ये गेलेला असेल तर अख्खा पाइप फिरवून काढायचा असतो, म्हणून वरचं टोक आधी सुटलेलं हवं.

रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

नवा बसवणं

नव्या पाइपाच्या तोंडांवरच्या धूळ अडवणाऱ्या टोप्या शेवटच्या क्षणी काढा. थेट आट्यांचा पाइप असेल तर आधी खालचं टोक कॅलिपरमध्ये घट्ट करायचं, मग वरचं कंसात बसवायचं. उलटं केलं तर पाइपाला पीळ पडतो. बँजोचा असेल तर बोल्टाच्या डोक्याखाली एक आणि पाइपाच्या टोकाखाली एक असे दोन्ही वायसर नवेच. वरचा नट आधी बोटांनी तीन-चार फेरे बसवा, पाना नंतर. पाइपावर लांबीने रेघ किंवा अक्षरं असतील तर ती सरळ रांगेत दिसली पाहिजेत. सापासारखी फिरली असतील तर पीळ आहे, सोडा आणि पुन्हा बसवा. सरळ झाला की क्लिप ठोका आणि शेवटचा कस द्या. किती कसायचं याचा आकडा गाडीगणिक वेगळा असतो, मॅन्युअलमध्ये मिळतो. अंगातला सगळा जोर हे काही माप नव्हे. बँजो बोल्ट पोकळ असतो, मोडतो.

नंतर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. चाक लटकलेलं असताना एकदा आणि गाडी जमिनीवर टेकल्यावर पुन्हा एकदा. पाइप आणि टायरमध्ये दोन बोटांची तरी जागा हवी.

हवा काढणं

पेडलखालची काठी काढा, टाकी भरा. निप्पलवर पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. या कामाला दोन माणसं लागतात आणि दोघांचं बोलणं जमलं पाहिजे. आमचं असं चाललं होतं:

“दाब.”

“दाबलं मामा.”

“सोडू नोको.” मी निप्पल उघडतो, नळीतून बुडबुडे जातात.

“खाली गेलं मामा.”

“थांब, धरून ठेव.” निप्पल बंद. “आता सोड.”

निप्पल उघडं असताना पेडल सोडलं की हवा परत आत, म्हणून ‘सोड’ हा शब्द फक्त खाली बसलेल्या माणसाने उच्चारायचा. पेडल हळू दाबायचं, सोडल्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं. दर पाच-सहा वेळांनी टाकी बघा. ती रिकामी झाली की मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात.

जुन्या गाडीसाठी एक पथ्य: पेडलखाली लाकडाचा गुटका ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं सील अर्ध्याच वाटेपर्यंत जातं, पुढच्या भागात गंज बसलेला असतो. एकदम तळापर्यंत दाबलं की सील त्या गंजावर घासून फाटतं आणि पाइप बदलायला गेलेला माणूस मास्टर सिलिंडर घेऊन घरी येतो.

चारही चाकांची हवा काढायची असेल तर मॅन्युअलमधला क्रम पाळा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, हा जुना ठोकताळा आहे. आपल्याकडे उजव्या हाताच्या गाडीत म्हणजे बहुधा मागचं डावं. पण काही गाड्यांत जोड तिरपे असतात, म्हणजे पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक एका जोडीत, तिथे क्रम बदलतो. एबीएसची (चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकची) गाडी असेल आणि तिच्या यंत्रात हवा गेली असेल, तर ती काढायला स्कॅनर लागू शकतो. तिथे घरी अडून बसू नका.

रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन बंद ठेवून पेडल दाबा, दगडासारखं लागलं पाहिजे. बूस्टर (इंजिनच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा भाग) असलेल्या गाडीत पेडल दाबून धरून इंजिन चालू केलं की ते थोडं खाली जातं, तो दोष नाही. पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावा. डाग दिसला तर तो सांधा पुन्हा.

पहिली चाचणी अंगणात, पहिल्या गिअरमध्ये, हात हँडब्रेकवर. मग मोकळ्या रस्त्यावर २० च्या वेगाने. आठ-दहा किलोमीटर फिरून आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात न्या, न टेकवता. ऊब सारखी हवी. दुसऱ्या दिवशी सांधे पुन्हा कोरड्या कागदाने पुसून बघा.

बाटलीत निघालेलं जुनं ऑइल परत टाकीत टाकायचं नाही, वावरात किंवा नालीत ओतायचं नाही. ते विषारी असतं, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं तर घरात लेकरंही आहेत. झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या ड्रमकडे द्या.

आमचं काम संपलं तेव्हा शेजारचे भाऊ आले. नव्या बाटलीत अर्धं ऑइल उरलेलं होतं. “ठेवून काय करता, दिवाळीत माह्या बोलेरोले टाकतो,” म्हणाले. दिवाळीला पाच महिने होते, मधे अख्खा पावसाळा. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मिसळलं की त्याचा उकळण्याचा बिंदू उतरतो. डॉट ३ चा कोरडा असताना किमान २०५ अंश, पाणी धरल्यावर १४० पर्यंत. आणि भाऊंची बोलेरो दर रविवारी घाटात असते. मी बाटली दिली नाही, दुकानाचा पत्ता दिला. दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बोलेरो माझ्या अंगणात फरशीवर उभी होती आणि भाऊ विचारत होते, “याचेबी पाइप पाह्यता काय?”